लिनक्स टर्मिनल चार फुटांवरून वाचता येत नाही: फॉन्ट, रंग, मराठी फाइलनावे (उबुंटू २४.०४)

अंबड_शॉपफ्लोअर
अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी विचारतोय. मशीनशेजारी २१.५ इंची मॉनिटर आहे, रिझोल्यूशन १९२० × १०८०, उबुंटू २४.०४ आणि त्याच्यासोबत आलेला ग्नोम टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी). दिवसभर त्यावर लॉग, म्हणजे नोंदींच्या ओळी, पळत असतो. ऑपरेटर साधारण चार फुटांवर उभा राहून बघतो. छताला मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे आहेत, त्यामुळे अकरानंतर काळ्या स्क्रीनवर लॉग कमी आणि शेड जास्त दिसते.

अडचणी चार. अक्षर लहान आहे. फोल्डरची नावे गडद निळी येतात, वाचताच येत नाहीत. विंडोजच्या पार्टिशनवरचे फोल्डर तर हिरव्या पट्ट्यावर निळे. आणि जॉबच्या फोल्डरना पार्टीच्या गावाचे नाव मराठीत दिलेले असते (त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, सिन्नर), ती अक्षरे फुटतात.

रंगाच्या थीमपैकी ड्रॅक्युला टाकू, नॉर्ड टाकू की सोलराइज्ड? सगळे वेगवेगळे सांगतात.

गोदाकाठ
भाऊ, थीमचा विषय सध्या बाजूला ठेवा. आधी अक्षराची उंची ठरवा, बाकीचे त्यावरून ठरते.

ढोबळ हिशोब असा: कॅपिटल अक्षराची उंची बघण्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी हवी. चार फूट म्हणजे १२०० मिमी, म्हणजे अक्षर ६ मिमी. तुमच्या मॉनिटरचा एक पिक्सेल ०.२४८ मिमी, म्हणून ६ मिमीला २४ पिक्सेल लागतात. देजावू सान्स मोनो या फॉन्टमध्ये कॅपिटलची उंची फॉन्ट साइजच्या ०.७३ पट असते, म्हणजे साइज ३३ पिक्सेल. ९६ डीपीआयला (इंचाला ९६ पिक्सेल) १ पॉइंट म्हणजे १.३३ पिक्सेल, तेव्हा उत्तर आले २५ पॉइंट. टेबलावर बसून दोन फुटांवरून वाचायचे असते तर १२ पॉइंटमध्ये भागले असते. डीफॉल्ट त्याच हिशोबाने ठेवलेले असते, तुमच्या ऑपरेटरच्या हिशोबाने नाही.

याची किंमतही बघून ठेवा. २५ पॉइंटला एका अक्षराची रुंदी २० पिक्सेल होते, म्हणजे पूर्ण स्क्रीनवर ९६ कॉलम आणि एफ११ दाबून फुल स्क्रीन केली तर २७ ओळी. लॉगची ओळ त्याहून लांब असेल तर ती मोडून खाली येईल. तेव्हा लॉगमधली तारीख छोटी करा किंवा उपयोग नसलेला कॉलम काढून टाका. फॉन्ट पुन्हा लहान करू नका.

सेटिंग: वरचा तीन रेघांचा मेनू → प्रेफरन्सेस → डावीकडे प्रोफाइलचे नाव → टेक्स्ट टॅब → कस्टम फॉन्टला टिक करून साइज द्या. तिथेच खाली सेल स्पेसिंग आहे, त्यात रुंदी १.० राहू द्या, उंची १.१ करा. कर्सरचा आकार ब्लॉक ठेवा, ब्लिंकिंग बंद.

कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून जे मोठे होते ते तेवढ्या विंडोपुरतेच असते. विंडो बंद केली की गेले. "काल मोठे केले होते, आज परत लहान झाले" अशी तक्रार येते ती यामुळेच.

पांडवलेणी
गोदाकाठ यांच्याशी सहमत. फॉन्ट निवडताना एकच चाचणी करा: शून्य आणि कॅपिटल ओ, एक आकडा, स्मॉल एल आणि कॅपिटल आय एका ओळीत टाइप करा आणि चार फुटांवर जाऊन बघा, वेगळी ओळखू येतात का. देजावू सान्स मोनो, हॅक, जेटब्रेन्स मोनो, आयबीएम प्लेक्स मोनो पास होतात. कॉलम कमी पडत असतील तर आयोसेव्का घ्या, तो अंगानेच अरुंद आहे. फिरा कोड या फॉन्टची जोडचिन्हे (दोन चिन्हे जोडून एक) ग्नोम टर्मिनलमध्ये दिसणार नाहीत, त्यामागची लायब्ररी ती काढतच नाही. त्यासाठी फॉन्ट पुन्हा पुन्हा टाकत बसू नका.

आता निळा. फोल्डरचा रंग एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) स्वतः ठरवत नाही. तो फक्त "ठळक, रंग क्रमांक ४" एवढेच सांगतो. क्रमांक ४ म्हणजे नक्की कोणता निळा, हे टर्मिनलची पॅलेट (सोळा रंगांचा संच) ठरवते. ग्नोमच्या पॅलेटमधला हा निळा लाल १८, हिरवा ७२, निळा १३९ असा आहे. शुद्ध काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.३ ला १ भरतो. वेबसाठीचे डब्ल्यूसीएजी मापदंड साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ मागतात. डोळे तपासायची गरज नाही, रंगच चुकीचा आहे.

कलर्स टॅबमध्ये "यूज कलर्स फ्रॉम सिस्टीम थीम" ची टिक काढा, नाहीतर अक्षराचा आणि बॅकग्राउंडचा चौकोन हातात येत नाही. बॅकग्राउंडला हेक्स (रंगाचा सहा अक्षरी कोड) २२२२२२ द्या, अक्षराला सहा वेळा डी. हे गुणोत्तर ११.७ च्या आसपास जाते, भरपूर झाले. मग पॅलेटच्या वरच्या ओळीतला पाचवा चौकोन घ्या: लाल ११५, हिरवा १६५, निळा २४०, हेक्समध्ये ७३, ए५, एफ०. आता कॉन्ट्रास्ट ६.३ होतो.

इथे बरेच जण अडकतात: वरचा चौकोन बदलला तरी फोल्डरचा रंग बदलत नाही. कारण त्याच टॅबमधली "शो बोल्ड टेक्स्ट इन ब्राइट कलर्स" ची टिक. ती असेल तर ठळक मजकूर खालच्या ओळीतल्या रंगात जातो आणि फोल्डर ठळकच असतात. एकतर टिक काढा, किंवा खालच्या ओळीतला पाचवा चौकोनही बदला.

पॅलेट बदलली की एलएस, प्रॉम्प्ट (कमांडच्या आधी दिसणारा मजकूर), ग्रेप, गिट अशा सगळ्यांचा निळा एकदम सुधारतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरण्याची गरज नाही.

कॉलेजरोड_लॅब
थांबा, पांडवलेणी सर. निळा उजळ केला की त्यांची तिसरी तक्रार वाढणार आहे. हिरव्या पट्टीवर जुना गडद निळा निदान २.८ तरी होता, नवा उजळ निळा त्याच हिरव्यावर १.३ वर येतो. म्हणजे नाव दिसणारच नाही, नुसती हिरवी पट्टी.

ती हिरवी पट्टी का येते तेही सांगते. कोणीही लिहू शकेल अशा फोल्डरसाठी एलएसचा वेगळा नियम आहे, ऑदर रायटेबल, कोड ३४;४२. म्हणजे निळे अक्षर, हिरवी पार्श्वभूमी. विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन माउंट झाले की त्यावरचे फोल्डर बहुधा सगळ्यांना लिहिण्याची मुभा असलेले दिसतात, म्हणून सगळे त्याच नियमात बसतात. हा पॅलेटचा प्रश्न नाही, तो डिरकलर्समध्येच (एलएसच्या रंगांची यादी) सोडवावा लागतो.

(कमांड देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरे.)

डिरकलर्स -पी > ~/.डिरकलर्स

ही फाइल नॅनो एडिटरमध्ये उघडा. ऑदर_रायटेबल असलेली ओळ शोधा, ३४;४२ च्या जागी ३०;४२ करा. काळे अक्षर हिरव्यावर, कॉन्ट्रास्ट ५.६. कोणीही लिहू शकेल पण स्टिकी बिटही (दुसऱ्याच्या फाइल खोडू न देणारी खूण) असलेल्या फोल्डरचा कोड आधीपासून ३०;४२ च आहे, म्हणजे दोन्ही सारखे दिसतील. तो फरक टिकवायचा असेल तर ०४;३६ द्या, पट्टी जाऊन अधोरेखित आकाशी अक्षर येईल. शॉपफ्लोअरवर हेच बरे.

फाइल सेव्ह करून नवीन टर्मिनल उघडा. उबुंटूच्या .बॅशआरसी मध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) ही रंगांची फाइल सापडली तर वाच, अशी ओळ आधीपासून असते, वेगळे काही जोडायचे नाही. मात्र आधीच उघड्या असलेल्या विंडोत फरक दिसणार नाही.

अंबड_शॉपफ्लोअर
ताई, पट्टी गेली. फोल्डर दिसतात. पण दुपारी उजेड वाढला की काळ्या स्क्रीनचा आरसा होतो तो होतोच. ब्राइटनेस १०० वर आहे.

गोदाकाठ
मग दिवसासाठी लाइट प्रोफाइल वेगळे बनवा. उजेडात गुणोत्तर दोन्हीकडे सारखेच पडते, कारण परतलेला प्रकाश अक्षरातही मिसळतो आणि पार्श्वभूमीतही. फरक असा की काळ्या भागात ट्यूबलाइटचा आकार स्पष्ट दिसतो, पांढऱ्या भागात तो विरतो. शिवाय भोवती लख्ख उजेड असताना डोळ्याची बाहुली आकसलेली असते, तेव्हा गडद स्क्रीनवरचे तपशील आणखी बुडतात. मॉनिटर वीसेक अंश खाली कलवला तरी बराच फरक पडतो, ते आधी करून बघा, फुकट आहे.

कलर्स टॅबमध्ये बिल्ट-इन स्कीममधून "ब्लॅक ऑन लाइट यलो" घ्या. पांढऱ्यापेक्षा डोळ्याला सोसवतो.

पांडवलेणी
लाइट प्रोफाइल घेतले तर त्यात वरचा उजळ निळा नेऊ नका. फिकट पार्श्वभूमीवर तो २.५ वर येतो. तिथे मूळचा गडद निळाच योग्य, पांढऱ्यावर तो ९ पर्यंत जातो. म्हणजे ज्याला आपण वर शिव्या घातल्या तोच इथे कामाचा.

लाइट स्कीममध्ये मार बसतो तो पिवळ्याला. बरेच प्रोग्रॅम वॉर्निंगच्या ओळी पिवळ्यात दाखवतात आणि एररच्या लाल. ग्नोम पॅलेटमधला उजळ पिवळा त्या फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर जेमतेम २ ला १ येतो. एरर दिसेल, वॉर्निंग दिसणार नाही, आणि मशीन बंद पडायच्या आधी नेमकी वॉर्निंगच आलेली असते. पॅलेटमधला चौथा चौकोन वर आणि खाली दोन्हीकडे लाल १२८, हिरवा ८५, निळा ० करा (८०, ५५, ००). तपकिरी दिसेल, पण ६.४ मिळते. पिवळेपणाचा हट्ट सोडा.

शिवाय फिकट पार्श्वभूमीवर पांढरा आणि उजळ पांढरा, म्हणजे वरचा आणि खालचा आठवा चौकोन, हेही अक्षर म्हणून गायब होतात. ते राखाडीकडे ओढा.

विम एडिटर वापरत असाल तर त्याला बॅकग्राउंड लाइट असल्याचे सांगा, नाहीतर तो गडद पार्श्वभूमी धरूनच रंग निवडू शकतो.

मखमलाबाद_नाका
सोलराइज्ड का नको, ते कोणीच सांगितले नाही.

पांडवलेणी
वाईट नाही, पण त्याची रचना समजून घ्यावी लागते. त्यात खालच्या ओळीतले बरेचसे ब्राइट रंग खरे ब्राइट रंग नाहीतच, ते पार्श्वभूमीसाठीचे राखाडी टप्पे आहेत. सोलराइज्ड डार्कमध्ये "ब्राइट ब्लॅक" म्हणजे चक्क पार्श्वभूमीचाच रंग. झेडएसएचचे ऑटोसजेशन (पुढची कमांड सुचवणारी सोय) रंग क्रमांक ८ मध्ये सूचना दाखवते, ती तिथे अदृश्य होते. ठळक-ते-ब्राइट टिक चालू असेल तर ठळक हिरवा मजकूरही राखाडी होतो. वापरायचाच असेल तर ती टिक आधी काढा. त्याचा कॉन्ट्रास्टही मुद्दाम सौम्य ठेवलेला आहे, पत्र्याच्या शेडसाठी तो नाहीच.

कॉलेजरोड_लॅब
याच धाग्यात प्रोजेक्टरचा हिशोबही देऊन ठेवते, क्लासवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. पडदा सहा फूट रुंद, प्रोजेक्टर १२८० × ८००, शेवटचा बाक २४ फुटांवर. अंतर ७३०० मिमी, म्हणजे अक्षर ३६ मिमी हवे. पडद्यावर एक पिक्सेल १.४३ मिमीचा पडतो, म्हणून वरच्याच रीतीने २६ पॉइंट येतो. ६० कॉलम, १९ ओळी.

एवढ्यात उबुंटूचा डीफॉल्ट प्रॉम्प्टच अर्धी ओळ खातो. .बॅशआरसी च्या शेवटी प्रॉम्प्ट_डिरट्रिम=२ टाका (सगळी कॅपिटल अक्षरे, मध्ये अंडरस्कोर), मग लांबलचक पाथमधले शेवटचे दोनच फोल्डर दिसतात. त्याहून कमी हवे असेल तर पीएस१ (प्रॉम्प्टचा मजकूर ठरवणारी सेटिंग) मधून युजर आणि होस्ट काढा.

पीएस१ ला हात लावताना एक नियम पाळा: रंगाचा प्रत्येक कोड \[ आणि \] यांच्यामध्ये बंद करा. ही चिन्हे विसरली की बॅश (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्या न दिसणाऱ्या अक्षरांचीही लांबी मोजतो. मग लांब कमांड टाइप करताना ओळ खाली उतरत नाही, त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढते. वरच्या बाणाने जुनी कमांड आणली की तिचा अर्धा भाग चिकटून राहतो. लोक कीबोर्डला दोष देतात, चूक त्या दोन कंसांची असते.

प्रोजेक्टरवर ट्रान्सपरन्सी अजिबात नको. मागे वॉलपेपर असेल तर प्रत्येक ओळीचा कॉन्ट्रास्ट वेगळा होतो.

मखमलाबाद_नाका
आमच्या इथे मॉनिटरच्या जागी ३२ इंची टीव्ही लावलाय एचडीएमआयने. लाल अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. फॉन्ट बदलून बघितले.

गोदाकाठ
फॉन्टचा संबंध नाही. टीव्ही रंगाची माहिती अर्ध्या किंवा पाव रिझोल्यूशनवर घेतोय, उजेडाची पूर्ण. चित्रपटात ते कळत नाही, बारीक लाल-निळ्या अक्षरात लगेच कळते. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय इनपुटचे नाव किंवा प्रकार "पीसी" करा. ओव्हरस्कॅन बंद करा (कुठे "जस्ट स्कॅन", कुठे "स्क्रीन फिट" म्हणतात), नाहीतर वरची ओळ कडेला कापली जाते आणि सगळे चित्र ताणून पुसट होते. शार्पनेसही शून्याकडे न्या, अक्षराभोवती पांढरी किनार येते ती त्यामुळे.

अंबड_शॉपफ्लोअर
आता मराठी नावे. टर्मिनलमध्ये "त्र्यंबकेश्वर" असे सुटे सुटे येते की वाचायला थांबावे लागते.

दिंडोरी_फाटा
टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी. प्रत्येक अक्षर एका चौकोनात (चिनी-जपानी दोन चौकोनांत), आणि वर-खाली लागणारी चिन्हे शून्य रुंदीची.

"त्र्यंबकेश्वर" मध्ये युनिकोडचे १३ संकेत आहेत: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, एकारमात्रा, श, हलन्त, व, र. तीन हलन्त, अनुस्वार आणि मात्रा मिळून पाच शून्य रुंदीचे. म्हणून टर्मिनल आठ चौकोन राखतो. पण नीट जोडून लिहिले तर ठसे पाचच: त्र्यं, ब, के, श्व, र. आठ जागांत पाच ठसे बसवायचे कसे, हा प्रश्न. ग्नोम टर्मिनल जोडायच्या भानगडीत पडत नाही, प्रत्येक चौकोन स्वतंत्र काढतो, म्हणून हलन्त उघडे दिसतात. काना आणि वेलांट्यांना तर कोणी एक चौकोन मोजतो, कोणी शून्य. टर्मिनलची आणि आत चाललेल्या प्रोग्रॅमची मोजणी जुळली नाही की कर्सर दिसतो एकीकडे आणि खोडले जाते दुसरीकडे.

यावर उपाय असे:

फॉन्ट तरी नीट मिळू द्या. फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज टाका. देजावू सान्स मोनोमध्ये देवनागरी नाही, तेव्हा फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारी यंत्रणा) ती दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. काय आणले ते एफसी-मॅच ला मोनोस्पेस:लँग=एमआर देऊन विचारता येते. आणलेल्या फॉन्टची मात्रा वर कापली जात असेल तर सेल स्पेसिंगची उंची १.२५ करा. चौकोनाचे माप मुख्य फॉन्टवरून ठरते, देवनागरीला डोक्यावर जास्त जागा लागते. उंची वाढवली तरी एचटॉप किंवा मिडनाइट कमांडरसारख्या प्रोग्रॅमच्या चौकटीच्या रेघा तुटत नाहीत, ग्नोम टर्मिनल त्या फॉन्टमधून न घेता स्वतः काढतो.

जोडाक्षरे खरोखर जुळलेली हवी असतील तर त्या एका कामासाठी एमएलटर्म हा दुसरा टर्मिनल टाका, त्याला भारतीय लिप्या येतात. दिसायला जुनाट आहे, ते सोसा.

नाव जुळून न दिसता नुसती प्रश्नचिन्हे किंवा ३४०, २४४ असे आकडे दिसत असतील तर तो फॉन्टचा प्रश्नच नाही, लोकेलचा (भाषा आणि अक्षरसंकेताची सेटिंग) आहे. लोकेल कमांड चालवा, शेवटी यूटीएफ-८ आहे का बघा. सर्व्हरवर एसएसएचने गेल्यावरच असे होत असेल तर तिथे ते लोकेल तयार केलेले नसते. निदान सी.यूटीएफ-८ लावा. आणि आकडे फक्त गिट स्टेटसमध्ये येत असतील तर गिटच्या कॉन्फिगमध्ये कोअर.कोटपाथ ला फॉल्स करा, लगेच मराठी नावे दिसतील.

माझे मत विचाराल तर फोल्डरच्या नावात जॉब नंबर इंग्रजी आकड्यांत पुढे घ्या: 412_त्र्यंबकेश्वर असे. टर्मिनलमध्ये आकडे टाइप करून टॅब दाबला की बाकीचे नाव आपोआप पूर्ण होते, मराठी कीबोर्डवर उडी मारावी लागत नाही. फुटलेले नाव वाचता आले नाही तरी नंबर वाचता येतो.

अंबड_शॉपफ्लोअर
नंबरची कल्पना चांगली आहे, दादा. शेवटचे एक. हेच सगळे आणखी सहा मशीनवर न्यायचे आहे. प्रत्येक ठिकाणी रंगाचे चौकोन दाबत बसू का?

कॉलेजरोड_लॅब
नाही. ग्नोम टर्मिनल सेटिंग डीकॉन्फमध्ये (ग्नोमच्या सेटिंगचा साठा) ठेवतो. चांगल्या जमलेल्या मशीनवर:

डीकॉन्फ डंप /ऑर्ग/ग्नोम/टर्मिनल/ > टर्मिनल.आयएनआय

दुसऱ्या मशीनवर:

डीकॉन्फ लोड /ऑर्ग/ग्नोम/टर्मिनल/ < टर्मिनल.आयएनआय

पाथच्या सुरुवातीची आणि शेवटची तिरपी रेघ दोन्ही हवी, शेवटची सुटली की कमांड चिडते. पूर्ण फांदी न्या, एकच प्रोफाइल नेऊ नका: प्रोफाइलची यादी आणि डीफॉल्ट कोणते हे वेगळ्या नोंदींत असते, ते आले नाही तर प्रोफाइल असूनही मेनूत दिसत नाही. सुडो लावू नका, नाहीतर सेटिंग रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) खात्यात जाईल आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर काहीच बदलणार नाही. जोडीला ~/.डिरकलर्स आणि ज्या फॉन्टचे नाव सेटिंगमध्ये आहे तो फॉन्टही न्या. फॉन्ट ~/.लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये ठेवून एफसी-कॅश -एफ चालवा. फॉन्ट नसेल तर टर्मिनल तक्रार न करता दुसराच कुठला तरी उचलतो आणि गोदाकाठ यांचा २५ पॉइंटचा हिशोब चुकतो.

दिवसाचे आणि रात्रीचे प्रोफाइल वेगळे ठेवले असेल तर डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट करा, ग्नोम-टर्मिनल --विंडो-विथ-प्रोफाइल= आणि पुढे प्रोफाइलचे नाव. शिफ्ट बदलली की ऑपरेटरने हवे ते उघडायचे.

पांडवलेणी
ही फाइल ग्नोम टर्मिनलपुरतीच. सहापैकी एखादे मशीन फेडोरा ४१ किंवा उबुंटू २५.१० वर असेल तर तिथे डीफॉल्ट टर्मिनल टिक्सिस आहे, त्याच्या सेटिंगची जागा वेगळी. तिथे ग्नोम टर्मिनल वेगळा टाकून घ्या आणि मग लोड करा. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर तसेही तेच बरे, टिक्सिस जीटीके ४ (खिडक्या काढणारी लायब्ररी) वर आहे आणि त्यात अक्षरांचे सबपिक्सेल स्मूदिंग मिळत नाही, कडा थोड्या मऊ दिसतात.

मखमलाबाद_नाका
टीव्ही पीसी मोडला टाकला, लाल अक्षरे साफ झाली. ओव्हरस्कॅन "पिक्चर साइज"च्या आत लपलेले होते, कुणाला सापडत नसेल तर तिथे बघा.